निळ्या रिळांच्या चिंध्या

९ मार्च

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. लेकीकडे बरी असशील. इकडे सगळं ठीक. मशीनचा पट्टा तुटला होता, तो बदलला. शाळेच्या गणवेशांचं काम निम्मं उरलंय.

माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. तू म्हणाली होतीस तेच निघालं. एका कोटाला बाही लावायला आपल्याला त्या ऑपरेशनहून जास्त वेळ लागतो.

डॉक्टरीणबाईंना मी आधीच बजावलं, की जन्मभर बारीक शिवण केली त्याचं हे फळ. त्या हसल्या. शिवणीने मोतीबिंदू होत नाही म्हणे. डोळ्याच्या आत भिंग असतं, ते वयाबरोबर गढूळ आणि पिवळट होत जातं. मधुमेह, सिगारेट, उन्हाचा मारा, डोळ्याला लागलेला मार, यांनी ते लवकर होतं. मोतीबिंदूचा पडदा पिकायची वाट पाहत होते म्हटलं, तर असा पडदाही नसतो आणि वाटही पाहायची नसते, हे ऐकून घ्यावं लागलं.

मग त्यांनी विचारलं, डोळ्यांत काही घालता का. मी पर्समधून ती बाटली काढली. कापडाच्या धुळीने डोळे खाजतात म्हणून वर्षानुवर्षं आपल्या मनाने आणते, तीच. त्यात स्टेरॉईड निघालं. वयाने सुरू केलेलं काम थेंबांनी पुढे रेटलं. बी.एस्सी. झालेली बाई मी, पण बाटलीवरचं वाचलं नाही. नंतर वाचायला गेले, तर दिसेना.

पट्टी निघाल्यावर आधी दुकानात आले. तुझ्या हातचे सदरे दांडीवर तसेच आहेत. पांढरेशुभ्र. पिवळे पडलेत म्हणून मी ते तुला पुन्हा धुवायला लावले होते.

मग रिळांचा खण उघडला. निळं आणि काळं मला लांबून वेगळं दिसलं. प्रत्येक निळ्या रिळाला तू बांधलेली बारीक चिंधीही दिसली.

त्या दिवशी तू हळूच म्हणालीस, "ताई, एकदा डोळे दाखवून या." आणि मी गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "माझ्या डोळ्यांचं निमित्त करून तुला कटिंगचं टेबल हवंय." दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस.

इतकी पानं उगाच भरली. सांगायचं ते हे. त्या चिंध्या मला तेव्हाही माहीत होत्या. बोटांनी चाचपून मी निळा दोरा उचलत होते. त्या कुणी बांधल्या आणि कशासाठी, हेही कळत होतं. तरी ते बोलले.

तुझ्या चिंध्यांवर दुकान चाललं, गिऱ्हाइकांत माझी पत राहिली. तुझे माझ्यावर उपकार आहेत. असं मी सहसा कुणाला लिहीत नाही, तेव्हा नीट वाच.

पुढच्या गुरुवारी डावा डोळा आहे. नंतर महिनाभर थेंब घालायचे, या वेळी डॉक्टरांनी दिलेले. मुलगा घालतो ते गालावर जातात. तुझा हात स्थिर आहे. ये. कटिंगचं टेबल भिंतीपासून ओढलंय, दोघींना समोरासमोर उभं राहता येईल. मोठी कात्री तुझ्या बाजूला ठेवलीय. यायचं नसेल तर तसं कळव. रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण बोलणार नाही.

चिंध्यांची आता गरज उरलेली नाही. तरी एकही सोडलेली नाही.

तुझी,
ताई