पलंगामागचा फोम

चिमे,

तुझ्या आईला दवाखान्यात नेतोय. न्हाणीघराच्या दारात पडली. शुद्धीवर आहे, पण कंबरेतून उठता येत नाही. शेजारच्या नर्सबाई सोबत आहेत. तू थेट तिकडेच ये.

तिला थंडी लागू नये म्हणून तू काल भिंतीच्या फटीत फवारलेला फोम पलंगामागे फुगून वीतभर बाहेर आला होता. तो कापायला कुठलं हत्यार घ्यावं, यातच माझी सकाळ गेली. तू बजावलं होतंस, "बाबा, आईच्या उशाशी तुम्हाला बोलवायला लावलेल्या घंटीच्या वायरीपाशी फक्त ब्रेडची सुरी, तीही बेताने." पण सुरी वाकत होती, काप वेडावाकडा येत होता. म्हणून मी लांब पात्याची करवत घेतली. काप अगदी सपाट आला. वायर तुटल्याचं हाताला कळलंच नाही. साध्या गोष्टीत चारदा शंका काढणारा मी, घंटी एकदा वाजवून बघायचं मला सुचलं नाही.

तिने तीनदा बटण दाबलं. मी बाहेरच्या खोलीत वाचत बसलो होतो. शेवटी ती एकटीच उठली.

मला म्हणाली, "ऐकू आलं तरी पान संपवूनच उठणार ना तुम्ही!" असं पूर्वी अनेकदा झालंय, म्हणून तिला तेच खरं वाटतंय.

खोलीतली वीज बंद केली आहे. वायर तू नंतर जोड. तिला मात्र काही सांगू नकोस. ते मीच सांगेन. गाडी आली.

बाबा