चोर सापडेपर्यंत

प्रिय बाबा,

तुमची ती इंग्रजी रहस्यकादंबरी काल संपवली. पहिल्या पानापासून, क्रमाने. तुम्ही जाऊन दीड वर्ष झालं, पण हे दुसऱ्या कुणाला सांगू?

तुम्ही नोकरीला होतात त्या पिंगळी स्टेशनवर कुणी प्रवासी ती विसरून गेला होता. मालक येईल म्हणून तुम्ही वर्षभर वाट पाहिलीत, मग घरी आणलीत. शंभर वर्षांपूर्वीची विलायत, मोठी हवेली, हिऱ्यांचा हार गायब आणि घरातल्या प्रत्येकावर संशय!

नामांतराची दंगल पेटली तेव्हा माझं तंत्रनिकेतन बंद होतं. आई बोरीला मावशीकडे अडकलेली. माझ्या ड्रॉइंगच्या शीट मैत्रिणीकडे राहिल्या होत्या. मी निघाले की तुम्ही दारात खुर्ची टाकून पुस्तक उघडायचात.

"चोर सापडंस्तोवर भाईर जायचं न्हाई."

"बाबा, त्या खोट्या चोरापायी माझ्या शीट राहायल्यात!"

"ऐक तर. लय बेरकी हाय ह्यो."

तासाला चार पानं! मध्येच थांबून समासात पेन्सिलीने उर्दूत काही लिहायचात. तुम्ही निजामाच्या काळात शिकलेले. मला वाटायचं, शब्दांचे अर्थ असतील. चौथ्या दिवशी मी पुस्तक ओढून घेतलं, शेवटचं पान पाहिलं. "माळी चोर आहे. झालं?" म्हणत चप्पल घातली. तुम्ही रागावला नाहीत. मैत्रिणीच्या दारापर्यंत दहा पावलं मागे चालत आलात. मला केवढी लाज वाटली होती!

बाबा, माळी चोर नव्हता. शेवटच्या पानावर तो माफी मागतो, ती वेगळ्याच गोष्टीची. मापात चूक न करणारी मी, एका पानावर निकाल देऊन बसले.

समासातलं उर्दू मी शेजारच्या गफूरचाचांना दाखवलं. निवृत्त मास्तर ते. चष्मा पुसत हसले.

"पोरी, अर्थ-बिर्थ काई न्हाई गं ह्यात. ऐक. 'बाजारात दगडफेक. चार पानांत दिवस निभला.' आन् हे, 'पोरगी चिडली. उद्या अजून हळू वाचावं.'"

पुढचं वाचताना ते हसले नाहीत. 'पोरगी बाहेर पडली तर काय होईल, याचीच भीती.'

'भीती वाटते', एवढं साधं मला का नाही सांगितलंत? सांगितलं असतंत तर मी थांबले असते? खरं सांगते, नसते.

ट्रंकेत तुमच्या नऊ वह्या आहेत, सगळ्या उर्दूत. चाचा वाचून दाखवतो म्हणाले. मी नको म्हटलं. सोमवारपासून त्यांच्याकडे अलिफ, बे शिकायला बसणार आहे. वेळ लागेल. पण तुमचं अक्षर मी स्वतः वाचीन, एकही ओळ न गाळता.

तुमच्या हट्टी लेकीचा जयभीम,
विशाखा