नावं पुकारायची नाहीत

बाई,

मुलांची हजेरी तोंडी घ्यायची नाही, एवढं एकच तुम्ही मला बजावून सांगितलं होतं. बाकी सगळं माझ्यावर सोडलं होतं. ती रविवारची दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. गिरगावातल्या तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही पोहे परतताय. दाराशी पिशवी भरून ठेवलेली, दोन लुगडी आणि एक टॉवेल. दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रहींच्या तुकडीबरोबर तुम्ही अटक करवून घेणार होतात. शेजारच्या वहिनी डोकावून म्हणाल्या, "काय हो बाई, तुरुंगात कुणाला शिकवणार?" "पहारेकरी आहेत की," तुम्ही म्हणालात, "सगळ्या वयांचे." आम्ही हसलो. मग हात पुसून तुम्ही हजेरीपट माझ्याकडे दिलात. "मुलं बघायची आणि खुणा करायच्या. नावं पुकारायची नाहीत." मी विचारलं, का? "डोळे आहेत ना तुला? कळेल."

मला रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. ट्रेनिंग कॉलेजात शिकवलेलं सगळं अजून पाठ होतं, आणि तुमच्या शाळेत त्यातलं काहीच नव्हतं. लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावरची एक खोली, पहिली ते चौथी, चाळीसेक मुलं. कोकणात डोंगरातल्या एकखोली शाळेत तुम्ही बारा वर्षं काढली होती आणि तिथली रीत उचलून गिरण्यांच्या भोंग्याखाली आणून ठेवली होती. सकाळी तुम्ही एक नारळ आणायच्यात. पहिलीने त्याचे डोळे मोजायचे, दुसरीने त्याच्यावर तीन ओळी लिहायच्या, तिसरीने तो तराजूत घालायचा, चौथीने तो कुठून आला ते नकाशात शोधायचं. कोण कुठल्या इयत्तेत हे बसण्यावरून ओळखता येत नसे. मुलं वाटेल तिथे बसत. मला तो निव्वळ गोंधळ वाटला होता.

खिडकीपाशी तेरा वर्षांची ती मुलगी बसायची, चौथीतल्या मुलींना लागून. तिची आई गिरणीत सूत गुंडाळायच्या, वाइंडिंग खात्यात होती. धाकट्या भावंडांना सांभाळण्यात हिची शाळा राहून गेली होती. तुम्ही तिला लहान मुलांचं वाचन ऐकायचं काम दिलं होतं. पाच-सहा पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून बसत. ती अक्षराखाली बोट धरायची, पोरं मोठ्याने म्हणायची आणि ती मान हलवायची. सगळे तिला ताई म्हणत. ती स्वतः अजून पहिलीचीच अक्षरं गिरवते आहे, हे एकाही मुलाला माहीत नव्हतं.

तुम्ही गेल्यावर तीन दिवस मी शाळा चालवली. म्हणजे फळ्यापाशी उभी राहिले. मुलं पाटी भरून माझ्यासमोरून तिच्याकडे जायची. "थांबा हं नव्या बाई, आधी ताईला दाखवून येतो." ती मुकाट्याने पाटी बघायची, हाताने पुसायची, परत लिहायला लावायची. मी गप्प म्हटलं की कुणी गप्प बसत नसे. तिने नुसतं वर पाहिलं की खोली शांत व्हायची.

चौथ्या दिवशी मी हजेरीपट उघडला. इयत्ता पहिली. एकेक नाव घेत गेले. मुलांना गंमत वाटत होती, आपलं नाव आलं की ती ओरडून 'हजर' म्हणत होती. सहावं नाव तिचं होतं. तिच्याजवळ वाचायला बसणारी एक चिमुरडी आनंदाने म्हणाली, "ताई, तू पण पयलीत? माझ्याच वर्गात?" चौथीतल्या मुली फस्सकन हसल्या. ती उभी राहिली, हजर म्हणाली आणि बसली. सुट्टीनंतर पोरं सवयीने पाट्या घेऊन तिच्याकडे गेली. "नव्या बाईंना दाखवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. शनिवारी मी तिच्या चाळीत गेले. तिची आई दारातच भेटली. "तिका लाज वाटता, बाई. बारकी पोरां ताई म्हणत हुती तिका. आता ती काय येवची नाय." मुलगी आत भांडी घासत होती. मी म्हटलं, चल, मी सांभाळून घेईन. तिने मान वर केली नाही. "तुमचं काय चुकलं नाय, नव्या बाई. वहीत तसंच लिवलंय ना?"

महिन्याने तुम्ही सुटून आलात. पोरांनी तुमच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तो काढायच्या आधीच तुम्ही खिडकीकडे पाहिलंत. "ती कुठाय?" "गावी नेलं तिला," मी म्हणाले. "आजी आजारी आहे." तुम्ही हार काढून बाजूला ठेवलात. खरं काय ते संध्याकाळपर्यंत कुठल्याही मुलाने तुम्हाला सांगितलं असणार. पुढे अकरा वर्षं आपण त्याच खोलीत शिकवलं. उशीर झाला तर तुम्ही रागवायच्यात, खडू वाया घालवला तर रागवायच्यात, एका मुलाला छडी मारली म्हणून दोन दिवस बोलल्या नव्हतात. याबद्दल एक शब्द काढला नाहीत. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी आठवलं ते हेच, की आता कुणी विचारणार नाही. आणि त्या विचाराने बरं वाटलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तर लिहवतं आहे. तुम्ही समजून घेतलं असेल ते एवढंच, की नवखी पोर होती, ऐकलं नाही, चुकली. पण तिसऱ्या दिवशी मुलं घरी गेल्यावर मी एकटीने हजेरीपट चाळला होता. तिचं नाव कुठल्या पानावर आहे ते पाहिलं होतं. तुम्ही नको का म्हणालात, ते मला तेव्हाच कळलं होतं. त्या पाट्या माझ्याकडे याव्यात, इतकंच मला हवं होतं. सोमवारपासून त्या माझ्याकडे यायला लागल्या.