टाकीचे कोपरे

कासू, ता. पेण
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय केरूदादा,
सप्रेम नमस्कार.

तू आणि दिपिकावहिनी बरे असाल. इकडे वाल चांगला आलाय. आईचा गुडघा तसाच. माझ्या भूमिकाची बारावीची परीक्षा पुढच्या आठवड्यात.

तू शाळेला बनवून दिलेली, आता शाळेमागे पडून असलेली पाण्याची टाकी मी गेल्या आठवड्यात तपासून घेतली. माझा जुना विद्यार्थी निकेश रोह्याच्या एका कंपनीत धातू तपासतो. त्यानं यंत्र आधी सपाट बाजूला लावलं, मग कोपऱ्याला. निकेल, क्रोमियम दोन्हीकडे सारखंच. तू सांगितलं होतंस तेच स्टेनलेस स्टील.

"मग कोपऱ्यांना लोहचुंबक का धरतो?" मी विचारलं.

तो हसला. "मॅडम, थंड पत्रा वाकवला की तिथं धरणारच. केमिस्ट्री तुम्हीच शिकवली ना आम्हाला?"

मग मी नीट वाचलं. नवा पत्रा येतो तेव्हा त्यातल्या अणूंच्या रचनेला लोहचुंबक धरत नाही. वाकवलं, ठोकलं, ओढलं की तेवढ्या जागेतले अणू सरकून वेगळ्या रचनेत बसतात, आणि त्या रचनेला लोहचुंबक धरतो. धातू तोच राहतो. लालभडक तापवून झटकन थंड केला, तर पुन्हा पूर्वीसारखा होतो.

मला हे माहीत नव्हतं, एवढं लिहून थांबता आलं असतं. डायरीत दोन दिवस तसंच लिहिलं.

दोन वर्षांपूर्वी शाळा समितीच्या त्या सभेत, पत्रा हलका आहे का ते दाखवायला, मी प्रयोगशाळेतला लोहचुंबक कोपऱ्याला लावला आणि तो खट्‌कन बसला. समितीतले काळुरामकाका ओरडले, "टाकी हाय की डालड्याचा डबा?" सगळे हसले. तू एवढंच म्हणालास, "वैशू, सपाट बाजूला लाव ना गो." मी म्हटलं, "पुरे झालं, दादा."

दादा, सपाट बाजूला मी सकाळीच लावून पाहिला होता. तो गळून पडला होता. एकाच पत्र्याचं असं कसं, हा प्रश्न मला पडला होता, आणि मी तो गिळला. टाकीच्या कामाला तुझं नाव मीच सुचवलेलं. मॅडम चुलतभावाचं झाकणार, अशी कुजबुज आदल्या दिवसापासून होती. मला निष्पक्ष दिसायचं होतं. त्यापायी तुझं वर्कशॉप बंद पडलं. आज तू नागोठण्याला दुसऱ्याच्या हाताखाली शिफ्टमध्ये वेल्डिंग करतोस, आणि गावात तुला अजून 'डालडा' म्हणतात.

येत्या रविवारी शाळा समितीची सभा आहे. हे सगळं, त्या सकाळचंही, मी उभी राहून वाचणार आहे. काळुरामकाकांना कागद आधीच दाखवला. ते म्हणाले, "नुसतं चुकलं म्हण ना गो. सकालचं कशाला काढतेस? पोरं उद्या मानतील काय तुला?" कदाचित मानणार नाहीत. पण सकाळचं मी खोडलेलं नाही.

तू सभेला यावंस असं म्हणायला मला तोंड नाही. ज्यांच्यासमोर तुझं नाव घालवलं, त्यांच्यासमोर आधी माफी मागते. तुझ्या दारात यायचं ते त्यानंतर, तेही वहिनींनी आत घेतलं तर.

दोन भाऊबिजा तुझा पाट न मांडलेली,
वैशाली