वाकड्या भिंतीचा धनी

६ फेब्रुवारी

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. तू रागात असशीलच, पण तब्येतीने ठणठणीत असावास.

मुख्य बातमी म्हणजे मी सरळ चालतो! सहा महिन्यांपूर्वी घरातसुद्धा भिंतीला धरून चालत होतो. पाणी पिताना ठसका, आवाज घोगरा. लोक म्हणाले, गवंडी प्यायला लागला. तुझी वहिनी तर माझं तोंड हुंगून बघायची! शेवटी तिनेच ओढत दवाखान्यात नेलं. मेंदूकडे जाणारी एक धमनी फुगून वेडीवाकडी झाली होती आणि मेंदूच्या देठावरच रेलून बसली होती.

ऑपरेशन म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. धमनीला पट्टीचा वेढा घालायचा, बाजूला ओढायची आणि कवटीच्या आतल्या अस्तराला टाके घालून तिथेच धरून ठेवायची. मी म्हटलं, "बाई, हे तर आमच्या धाकट्याचं काम! पाइपाला क्लॅम्प मारायचा." त्या हसून म्हणाल्या, "हो, फक्त आम्ही हातोडी वापरत नाही."

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी पेलाभर पाणी ठसका न लागता प्यायलो. तुझी वहिनी रडली आणि लगेच म्हणाली, "आता स्वतःचा पेला स्वतः धुवा."

इतका वेळ टाळलं ते आता लिहितो. शाळेची मी बांधत होतो ती भिंत ओळंब्याच्या दोरीपासून दोन बोटं बाहेर झुकली होती. तू दाखवलंस, "दादा, डोळ्यावर विसंबू नकोस, दोरीकडे बघ." मी तुझा ओळंबा भिरकावला आणि मुकादमाला सांगितलं, पाइपासाठी खाचा मारताना धाकट्याने भिंत हलवली. तुझं काम गेलं, भिंतही अर्धवट राहिली. तेव्हा मी आजारी होतो, तोल जाऊन सरळ-वाकडं कळत नव्हतं, हे खरं. पण खोटं आजार नाही बोलला, मी बोललो. लाज वाटते रे.

गेल्या महिन्यात मुकादमाला सगळं सांगितलं, चारचौघांत. भिंत पाडली, हळूहळू मीच पुन्हा उभी केली. थराथराला ओळंबा लावला, माझा डोळा गेला खड्ड्यात. खाचेसाठी खडूच्या दोन रेघा मारून ठेवल्यात. मुकादमाने दुसरा प्लंबर आणला होता, त्याला मी चहा पाजून परत धाडला.

छिन्नी घेऊन ये. तुझी दोरीही आण, आणि आधी भिंत तपासून घे.

वाकडी भिंत ज्याची होती तो,
तुझा दादा