पायरी घासली त्या दिवशी

कोल्डवेल स्ट्रीट, लीड्स
मंगळवार, ७ ऑक्टोबर १९१३

चिरंजीव बर्ट यास आईचे आशीर्वाद.

तुझे मोजे विणून झालेत. बाबांचा खोकला गिरणीतल्या धुरळ्याने बळावलाय, पण सुट्टी घेतील तर शपथ. तू पोलिसांच्या बराकीत राहायला गेल्यापासून घरात मोठ्याने बोलणारं कोणी उरलं नाही.

सेलीचं तुला ठाऊकच आहे. बायकांना मत द्या म्हणून तुझ्या बहिणीने टपालपेटीत पेटता बोळा टाकला, तुरुंगात अन्नपाणी सोडलं, मरायला टेकली तेव्हा घरी धाडली. काय मेला कायदा! आधी बरी हो, मग परत नेतो. बोकडाला पाला घालावा तसं. डॉक्टरांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, पुन्हा उपास केला तर हिचं हृदय टिकायचं नाही. आणि ती करणारच. हट्टाला माझ्यावर गेलीय.

म्हणून मी तिला चोरून खाऊ घालते आणि जगासाठी आजारी ठेवते. पडदे ओढलेले. विचारेल त्याला सांगते, पोरीला कूस बदलवत नाही. ती हिंडूफिरू लागली की नेता यावी म्हणून समोर पाळीपाळीने शिपाई उभे असतातच.

या धांदलीत दारातली पायरी घासायची राहिली. आपल्या गल्लीत पायरी काळी ठेवणं म्हणजे काय, तुला सांगायला नको. शेजारच्या क्लेगबाईने खिडकीखाली उभं राहून ऐकवलंच, "मतं हवीत म्हणे! आधी दारातली घाण काढा." सेलीने वरून ऐकलं असणार. काल सकाळी मी पाव आणायला गेले, तेवढ्यात ही बया खाली उतरली, गुडघे टेकून बसली आणि दगडाने घासून पायरी पांढरीफटक केली. आईची लाज राखायला! मी आले तर गालांवर लाली, धापा टाकतेय, आणि हसतेय. मला रडूच कोसळलं.

म्हणाली, "समोरचा शिपाई बघत होता, पण तू घाबरू नकोस. आपला बर्टदादा होता."

आपल्याच दारावर तुझी पाळी कोणी लावली, की तूच मागून घेतलीस, ते मी विचारत नाही. तू टोपीला हात लावलास, ती हसली, मग तू वळून भराभर चौकीच्या दिशेने गेलास, एवढं तिने सांगितलं. तिला वाटतं, तुला चहाची तलफ आली असेल.

आज दुपारपासून गल्लीच्या तोंडाशी एक बंद गाडी उभी आहे. बाबा म्हणतात, कोळशाची असेल. कोळशाच्या गाडीला पडदे नसतात, बर्ट.

हे पत्र बाबांच्या हाती देतेय. तू तोंड उघडलं नसशील तर त्यांच्याबरोबरच जेवायला ये, मटण शिजत ठेवलंय. उघडलं असशील तर एवढंच कर. तिला न्यायला तू येऊ नकोस, कोणा परक्याला पाठव. तुझा आवाज ऐकला तर ती धावत खाली येऊन स्वतःच दार उघडेल.

अजून तरी तुझी,
आई