गॅरेजमधली लाल दोरी

कुशल,

सूनबाईबरोबर, भावनाच्या गाडीतून दूध-ब्रेड आणायला जातोय. दुपारनंतर पुन्हा बर्फाचा पाऊस आहे म्हणतात, लाइट जाईल. मेणबत्त्या ओट्यावर काढून ठेवल्यात. उठलास की गाडी गॅरेजमध्ये लाव. दोन हिवाळे ती बाहेर उभी आहे. का, ते मला कळतं, म्हणून कधी बोललो नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या वादळात रस्त्यांवर बर्फ म्हणून अ‍ॅम्ब्युलन्स येईना, आणि तुझ्या आईला गाडीत बसवलं तर लाइट नसल्याने गॅरेजचं मोटरवर चालणारं दार उघडेना. वरून लोंबणारी लाल दोरी मी तुला दाखवली. तू म्हणालास, "बाबा, तिला हात लावू नका, मोटर बिघडेल." चाळीस मिनिटांनी शेजाऱ्याने येऊन तीच ओढली, तसं दार मोटरपासून सुटलं आणि त्याने ते हाताने वर केलं. तोवर तुझी आई मागच्या सीटवर मला विचारत होती, "निघालो का हो आपण?" मी हो म्हणत होतो. हॉस्पिटल येईपर्यंत ती गेली.

तू स्वतःला दोष देतोस. पण एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं मी काढलीत, तू नाही. दोरी लोंबते ती ओढण्यासाठीच, हे मला कळायला हवं होतं. परक्या देशात मुलाचं ऐकावं, एवढंच धरून बसलो.

आज सकाळी तू झोपेत असताना मीच ती ओढली. दार वर करून ठेवलंय, गाडी सरळ आत घे.

एका हाताने उचललं गेलं रे.

बाबा